बहात्तर हजारांच्या पीसीत एकोणीसशेचा एसएमपीएस: इंदूरच्या एका घरातलं प्रकरण

माझी पुतणी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर एकेक दृश्य रेंडर व्हायला, म्हणजे आराखड्यातून खरं वाटेल असं चित्र तयार व्हायला, अख्खी रात्र जाते, मधेच तो तापून बंद पडतो आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी घरात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून डेस्कटॉप घ्यायचं ठरलं. दादा बँकेतून निवृत्त झालेला. त्याने हद्द आखून दिली: मॉनिटरसकट बहात्तर हजार, वर एक पैसा नाही. पुतणीने आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून कोटेशन आणलं आणि सुदामा नगरच्या घरी माझ्यापुढे ठेवलं. "काका, ग्राफिक्स कार्ड बरोबर आहे ना, तेवढं बघा."

कार्ड बरोबर होतं. आरटीएक्स ३०६०, १२ जीबी मेमरीचं, २६,००० रुपये. मोठी दृश्यं रेंडर करताना कार्डाची मेमरी कमी पडली की काम तिथेच अडतं, त्यामुळे १२ जीबीचा हट्ट योग्यच होता. प्रोसेसर इंटेल आय५-१२४००एफ ११,०००, एच६१० मदरबोर्ड ७,०००, १६ जीबी रॅम ४,०००, १ टीबी एसएसडी ५,०००, मॉनिटर ९,५००, कीबोर्ड-माउस १,५००. कॅबिनेट ५,५००, पुढे-बाजूला काच आणि चार रंगीत दिव्यांचे पंखे. शेवटच्या ओळीत '५०० वॅट एसएमपीएस', १,९००. बेरीज ७१,४००. भाव त्या आठवड्याचे; आज वेगळे असतील, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तसंच राहतं.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागेल तशी करून देणारा पॉवर सप्लाय. तो शेवटच्या ओळीत होता, यातच सगळं आलं. बहुतेक कोटेशनांत तो असाच येतो. बाकी सगळं ठरतं आणि जे उरेल त्यात बसणारा डबा टाकला जातो. तोही ब्रँडचा नाही, लेबलावर मोठ्या अक्षरांत वॅट लिहिलेला. माझं म्हणणं होतं की या एका ओळीवर बाकीचे सत्तर हजार टांगलेले आहेत, तेव्हा ती आधी ठरवायची आणि मग बाकीच्यांना जागा द्यायची.

किती वीज लागणार

इथे अंदाजाची गरज नसते, आकडे छापलेले असतात. आय५-१२४००एफ च्या खोक्यावर ६५ वॅट दिसतं, पण तो मूळ वेगाचा आकडा. टर्बो, म्हणजे वाढीव वेग, चालू असताना इंटेलने स्वतःच ११७ वॅट कमाल दिलेली आहे. आरटीएक्स ३०६० ची मर्यादा १७० वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, यूएसबीला लावलेलं सटरफटर मिळून ४०-५० धरा. म्हणजे सगळं एकदम जोरात चाललं तर ३३५ वॅटच्या आसपास. प्रत्यक्षात रेंडर कार्डावर चालतो तेव्हा प्रोसेसर बराच रिकामा असतो, त्यामुळे रोजचा भार याहून कमी. पण ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या मर्यादेच्या बरंच वर उसळी मारतं, आणि सप्लायला ती उसळी पेलावी लागते. कार्डाच्या उसळीसाठी दीडपट धरली तर ते २५५ आणि एकूण ४२० च्या पुढे.

आता मुद्द्याची गोष्ट. यातलं जवळजवळ सगळं १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतलं जातं. प्रोसेसर १२ वर, कार्ड १२ वर, पंखे १२ वर. ५ आणि ३.३ व्होल्टवर आजच्या पीसीत किरकोळ काम उरलंय. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उलट होतं, प्रोसेसर ५ व्होल्टवरून वीज घ्यायचा. ब्रँड नसलेल्या बऱ्याच सप्लायची रचना अजून त्याच काळातली आहे, म्हणूनच त्यांच्या लेबलावर ५ व्होल्टचे अँपिअर भरघोस आणि १२ चे तुटपुंजे दिसतात.

लेबल

पुतणीला म्हटलं, दुकानदाराकडून त्या एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो मागव. त्याने लगेच पाठवला, सोबत आवाजी निरोप: "बेटा, पाँच सौ वाट है, आराम से चलेगा, अंकल को बोलो टेन्शन न लें." फोटो मोठा करून आम्ही दोघांनी बसून वाचला. ३.३ व्होल्टला २० अँपिअर, ५ व्होल्टला २५, १२ व्होल्टला २२, उणे १२ ला अर्धा, ५ व्होल्टच्या स्टँडबायला २.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. तिलाच करायला सांगितलं. ६६, १२५, २६४, ६, १०. बेरीज ४७१. "काका, हे तर पाचशेही होत नाहीत!" नाहीच होत. शिवाय प्रामाणिक लेबलावर ३.३ आणि ५ व्होल्टची एकत्रित मर्यादा वेगळी लिहिलेली असते, कारण त्या दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नसतात. इथे ती ओळच नव्हती. पण आपल्या कामाचा आकडा एकच: १२ व्होल्टवर २२ अँपिअर, म्हणजे २६४ वॅट. आपल्याला त्या लाइनवर उसळी न धरताही ३०० च्या वर हवेत. लेबलावरचं अक्षर न् अक्षर खरं मानलं तरी हा सप्लाय या पीसीला पुरा पडत नव्हता.

तुलनेला तिने कॉर्सेअर, डीपकूल, एमएसआय, कूलर मास्टर यांच्या ५५० वॅटच्या ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचा एक दर्जा) सप्लायची लेबलं नेटवर काढली. सगळीकडे १२ व्होल्टचा आकडा एकूण वॅटच्या जवळपास पोचत होता. सप्लाय ओळखायची ही माझ्या मते पहिली आणि सगळ्यात सोपी खूण आहे. दुकानात उभ्या उभ्या, फोनच्या कॅल्क्युलेटरवर होते.

दुसरी खूण मागच्या बाजूला. त्या १,९०० वाल्याला ११५/२३० चं लाल बटण होतं. म्हणजे आत अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारी यंत्रणा) नाही, रचना जुनी. चांगल्या सप्लायला बटण नसतं. १०० ते २४० व्होल्ट जे येईल ते तो स्वतः ओळखून घेतो. शिवाय ते बटण साफसफाई करताना चुकून ११५ वर सरकलं आणि आपल्याकडचे २३० आत गेले, तर फटाका वाजतो आणि सप्लाय गेला.

तिसरी गोष्ट वायरची. आरटीएक्स ३०६० च्या बहुतेक कार्डांना आठ पिनांचा एक कनेक्टर लागतो. या सप्लायला तो नव्हता. दुकानदार मोलेक्स या चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवरून आठ पिन करून देणारी जोडवायर फुकट देणार होता. मोलेक्समध्ये १२ व्होल्टची पिवळी तार एकच. आठ पिनांच्या कनेक्टरमध्ये तीन असतात. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्ड जास्तीत जास्त ७५ वॅट घेऊ शकतं, उरलेले शंभर या कनेक्टरमधून येणार, म्हणजे साडेआठ अँपिअर. ते एका बारीक तारेतून आणि ढिल्या पिनांतून तासन्‌तास चालू राहिले तर प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. साटाची (डिस्कला वीज देणाऱ्या कनेक्टरची) जोडवायर तर याहून वाईट, तिच्या १२ व्होल्टच्या पिनांची एकूण क्षमता साडेचार अँपिअरच. कार्ड आठ पिना मागत असेल तर सप्लायमधूनच आठ पिनांची वायर निघाली पाहिजे. यात मी कुणाला सूट देत नाही.

बावीसशे वाचतात, तेवीसशे जातात

मग पर्यायांवर बसलो. दादाही आला. त्याचा प्रश्न सरळ होता: "कमीत कमी किती खर्चात सुरक्षित होतं ते सांग."

४५० वॅटचा ब्रॉन्झ ३,२०० ला होता. १२ व्होल्टवर ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॅट. खरं सांगायचं तर चाललं असतं. पण उसळीच्या वेळी तो काठावर आला असता, आणि एनव्हिडिया स्वतः ३०६० ला ५५० चा सल्ला देते. आर्किटेक्चरची मुलगी दोन वर्षांनी याहून मोठं कार्ड मागणार हेही धरून चाला. तेव्हा पुन्हा सप्लाय बदलणं म्हणजे हे ३,२०० वाया.

जुन्या बाजारातला ६५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा, दोन हजारांत मिळत होता. तो मी ऐकूनच सोडला. सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वापराने आणि उष्णतेने आटत जातात. दर दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य अर्धं होतं असा ढोबळ नियम आहे. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळीशी ओलांडतो, बंद कॅबिनेटच्या आत आणखी चढतो. अशा गावात पाच-सहा उन्हाळे काढलेल्या, वॉरंटी संपलेल्या सप्लायच्या भरवशावर २६,००० चं कार्ड कोण लावेल? याच कारणासाठी नवा घेतानाही आत १०५ अंशांचे कपॅसिटर आहेत की ८५ अंशांचे, हे परीक्षणात वाचून घ्यावं.

दुसऱ्या टोकाला ७५० वॅटचा गोल्ड, म्हणजे ब्रॉन्झच्या वरच्या दर्जाचा, ८,५०० ला. पुतणीच्या मित्रांनी तोच घे म्हणून सांगितलेलं, "वीज वाचते" या कारणाने. दादाला हे पटायला लागलं होतं, म्हणून हिशेब मांडला. ३०० वॅटचा भार, रोज चार तास. ब्रॉन्झची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून ३५३ वॅट ओढले जातात, गोल्डची ९० धरली तर ३३३. फरक २० वॅट. वर्षाला साधारण २९ युनिट. युनिटला सात रुपये धरले तरी दोनशे रुपये. ५५० च्या ब्रॉन्झपेक्षा ४,३०० जास्त मोजायचे आणि ते वसूल व्हायला एकवीस वर्षं. दादाने कागदावर रेघ मारली.

ब्रॉन्झ, गोल्ड हे दर्जे देणारा ८० प्लसचा बिल्ला काय सांगतो तेही नीट कळायला हवं. ब्रॉन्झ म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के भारावर अनुक्रमे ८२, ८५ आणि ८२ टक्के कार्यक्षमता. बस, एवढंच. शॉर्ट सर्किट झालं तर सप्लाय वेळेत बंद होईल का, जास्त तापला तर थांबेल का, १२ व्होल्टवरची लहर (व्होल्टेजची बारीक थरथर) किती, यातलं काहीच तो बिल्ला सांगत नाही. एटीएक्स या पीसी सप्लायच्या मानकाच्या नियमांनुसार १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवी आणि लहर १२० मिलिव्होल्टच्या आत. हे तपासायचं तर सायप्रसच्या सायबेनेटिक्ससारख्या प्रयोगशाळेचे अहवाल वाचावेत. ते मॉडेलवार असतात, सगळ्यांना खुले असतात आणि २३० व्होल्टवरचे आकडेही त्यात मिळतात, म्हणजे आपल्या घरातल्या विजेचे.

शेवटी ५५० वॅटचा, ब्रॉन्झ, पाच वर्षांच्या वॉरंटीचा, ४,२०० चा सप्लाय ठरला. मूळ ओळीपेक्षा २,३०० जास्त. हे आणायचे कुठून? कॅबिनेटमधून. काचेच्या ५,५०० वाल्याऐवजी पुढे जाळी आणि दोन साधे पंखे असलेलं ३,३०० चं घेतलं. २,२०० मोकळे झाले. पुतणीचं तोंड जरा उतरलं, दिवे तिला मनापासून हवे होते. पण जाळीतून हवा चांगली खेळते, कार्ड कमी तापतं, हे तिला पटलं. बेरीज ७१,५००. हद्दीच्या आत.

घरातली वीज

इथपर्यंत बहुतेक जण थांबतात. पण सप्लाय भिंतीतल्या विजेला जोडायचा असतो, आणि या घरात त्या बाजूचे दोन प्रश्न होते.

पहिला वहिनींनी सांगितला, दुसरंच काही बोलता बोलता. "तिचा लॅपटॉप चार्जिंगला असताना त्यावर हात टेकला की मुंग्या येतात हो." हे ऐकल्यावर मी मीटर घेऊन त्या खोलीत गेलो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३१ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या आसपास यायला हवे होते, मीटर कुठल्याही एका आकड्यावर ठरेना. सॉकेट उघडलं, तर वरच्या मोठ्या पिनेला तारच जोडलेली नव्हती. तीन पिनांचं सॉकेट, आत दोनच तारा.

प्रत्येक चांगल्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलकडून एकेक लहान कपॅसिटर अर्थिंगला जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर सगळं धातूचं कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतं. प्रवाह फार कमी, म्हणून नुसती चुणचुण. पण त्याच अवस्थेत एचडीएमआयची वायर घातली-काढली तर पोर्ट जळू शकतो, आणि सप्लायच्या आत फेज खरोखरच कॅबिनेटला टेकली तर फ्यूज उडवायला वाटच नसते. चांगला सप्लाय घेतला म्हणून हा धोका टळत नाही, कारण त्याचं संरक्षण अर्थिंग असल्याचं गृहीत धरूनच बनवलेलं असतं. वायरमनला बोलावून डीबीपासून (घरातल्या वीज वाटपाच्या पेटीपासून) त्या सॉकेटपर्यंत हिरवी तार ओढून घेतली. सहाशे रुपये. हे बहात्तर हजारांच्या बाहेरचे, पण दादाने चकार शब्द काढला नाही. तार जोडल्यावर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन व्होल्ट, फेज आणि अर्थिंगमध्ये २२९.

दुसरा प्रश्न लाइट जाण्याचा. पावसाळ्यात वारा सुटला की या भागात लाइट झपकन जाते आणि येते. घरात जुना ६०० व्हीएचा यूपीएस होता. दादाचा बेत तोच लावायचा. पण ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. त्या यूपीएसवर ३६० वॅट लिहिलेले होते. आपला पीसी पूर्ण भारावर आत ३३५ वापरतो तेव्हा भिंतीतून ३९० च्या पुढे घेतो, वर मॉनिटरचे २५. रेंडर चालू असताना लाइट गेली तर यूपीएस किंचाळून बंद पडणार. शिवाय असे स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, आणि अॅक्टिव्ह पीएफसीच्या काही सप्लायना ती मानवत नाही.

घराला इन्व्हर्टर मात्र चांगला होता: ९०० व्हीए, शुद्ध साइन वेव्ह (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर), १५० अँपिअर-तासांची बॅटरी. मागे यूपीएस मोडचं बटण. लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला त्या मोडमध्ये साधारण १० मिलिसेकंद लागतात, साध्या मोडमध्ये पुष्कळ जास्त. आता एटीएक्सची अपेक्षा अशी की भिंतीतली वीज तुटल्यावरही सप्लायने भारावर १६-१७ मिलिसेकंद तग धरावा. ही ताकद येते आतल्या मोठ्या प्राथमिक कपॅसिटरमधून, आणि स्वस्त सप्लायमध्ये काटछाट होते ती आधी तिथेच. म्हणजे या घरात १० मिलिसेकंदांची खिंड ओलांडायला चांगला सप्लाय आणि यूपीएस मोड, दोन्ही लागत होते. १,९०० वाला असता तर दर झपकीला पीसी रीस्टार्ट झाला असता आणि रेंडर पहिल्यापासून. ४,२०० च्या सप्लायने इथे सात-आठ हजारांचा नवा साइन वेव्ह यूपीएस वाचवला. दादाला सगळ्यात जास्त पटलेला मुद्दा हाच.

पीसी जोडून झाल्यावर तपासून घेतलं. कार्ड आणि प्रोसेसर दोन्हींवर ताण टाकणारा रेंडर लावला आणि मोकळ्या मोलेक्सच्या पिवळ्या-काळ्या तारांवर मीटर धरला. रिकामा असताना १२.०८ व्होल्ट, भारावर ११.९८. मग रेंडर चालू असतानाच दादाने मेन स्विच पाडला. पंख्यांचा आवाज बदलला, इन्व्हर्टर गुणगुणला, पडद्यावरची टक्केवारी पुढे सरकत राहिली. दादाने स्विच दोनदा परत पाडून पाहिला.

एक पथ्य घालून दिलंय. इन्व्हर्टरवर तीन पंखे, दिवे आणि भरधाव पीसी एकदम चालला तर भार साडेसहाशेच्या घरात जातो. लाइट गेली आणि पाच मिनिटांत आली नाही तर रेंडर थांबवून फाइल सेव्ह करायची. बॅटरी त्या भारावर दोन तासही पुरणार नाही. आणि सप्लाय कितीही शांत दिसला तरी त्याचं झाकण घरी उघडायचं नाही. अॅक्टिव्ह पीएफसीच्या सप्लायमध्ये प्राथमिक कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेली असते, प्लग काढल्यावरही काही वेळ. धूळ झाडायची तर ब्लोअरने बाहेरून, पंखा बोटाने धरून.

राहता राहिलं बिल. दुकानदाराने आधी कच्चं बिल पुढे केलं, त्यात सगळा पीसी एका ओळीत. सप्लायची पाच वर्षांची वॉरंटी कंपनीची असते, दुकानाची नव्हे, आणि सर्व्हिस सेंटर मॉडेल आणि सीरियल नंबर असलेलं पक्कं बिल मागतं. पुतणीने तिथेच उभं राहून जीएसटीचं बिल प्रत्येक भागाच्या वेगळ्या ओळीने करून घेतलं, सप्लायच्या खोक्यावरचा सीरियल नंबर सप्लायवरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि दोन्हींचे फोटो दादाच्या आणि माझ्या फोनवर टाकले. खोकं माळ्यावर ठेवलंय.